भरलेलं माकुल आणि बाबांचं पथ्य

हृदयविकाराच्या रुग्णाला तपासून झालं, गोळ्या समजावून झाल्या, की दारापर्यंत गेलेला रुग्ण हमखास मागे वळतो. "डॉक्टर, मासे चालतील ना?" माणूस कोकणातला असेल तर लगेच पुढचा प्रश्न येतो, "आणि कोळंबी? माकुल?" बाहेर वीस जण ताटकळत असतात. अशा वेळी सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे "बंदच करा." कित्येक वर्षं मी तेच उत्तर देत आले. मग एकदा ते घरात दिलं आणि त्याचा परिणाम रोज जेवणाच्या टेबलावर बघावा लागला.

बाबा ७४ वर्षांचे. मालवणजवळच्या गावात वाढलेले. दोन वर्षांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली. घरी आल्यावर मी फर्मान काढलं : मासे, अंडी, सगळं बंद. आईने फ्रीजमधला मालवणी मसाल्याचा डबासुद्धा शेजारी देऊन टाकला. सकाळ-संध्याकाळ मऊ भात, मुगाचं वरण आणि दुधी. बाबा आठवडाभर गप्प जेवले. मग एक दिवस ताट सरकवून म्हणाले, "आता गवतच खाऊक घाल गो माका."

तीन महिन्यांत त्यांचं वजन सहा किलोने उतरलं. मला आधी बरंच वाटलं. पण जिना चढताना ते कठड्याला धरायला लागले, खुर्चीतून उठताना हात टेकायला लागले, तेव्हा लक्षात आलं की उतरली ती नुसती चरबी नव्हती, स्नायूही होते. साठीनंतर शरीराला दर किलो वजनामागे रोज साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे गणित बदलतं). बाबांच्या ताटात त्याच्या निम्मीही नव्हती. आणि ती काढून घेणारी मीच होते.

माकुलावरचा आरोप

त्या आठवड्यात मी बाबांच्या आवडत्या भरलेल्या माकुलाचा हिशोब मांडला. १०० ग्रॅम कच्च्या माकुलात साधारण १५ ग्रॅम प्रथिनं असतात, उष्मांक ९०च्या आसपास आणि चरबी दीड ग्रॅमहून कमी. कोलेस्टेरॉल मात्र भरपूर, सुमारे २३० मिलिग्रॅम. एका मोठ्या अंड्यात ते १८५च्या आसपास असतं. माकुलावरचा आरोप आहे तो इथे.

पण रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृत स्वतःच तयार करतं. बहुतेक लोकांमध्ये रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा खाण्यातल्या संपृक्त चरबीने जास्त वाढतं. म्हणूनच अमेरिकेच्या २०१५च्या आहारविषयक सूचनांमधून 'दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल' ही आकड्यातली मर्यादा काढून टाकली गेली. याचा अर्थ कितीही खा असा नाही. कमीच खायचं, पण खरा गुन्हेगार ओळखून.

१०० ग्रॅम माकुलात संपृक्त चरबी अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. आता आईचं सारण बघा. त्यात एका नारळाचा चव, आणि १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात ३३ ग्रॅम चरबी, त्यातली जवळजवळ ३० ग्रॅम संपृक्त. हृदयविकाराच्या रुग्णाने दिवसभरात साधारण १३ ते १५ ग्रॅमच्या आत राहावं असं आम्ही सांगतो. म्हणजे इतकी वर्षं मी माकुलाला शिक्षा देत होते आणि नारळ मोकाट सुटला होता.

रविवारचं स्वयंपाकघर

पावसाळी बंदी उठून महिना झाला होता. बाजारात मावशींकडून वीतभर लांबीची सहा माकुलं घेतली. ताजं माकुल आतून पांढरंशुभ्र आणि घट्ट असतं, वरची ठिपक्यांची साल चकचकीत दिसते, वास समुद्राचा येतो. मांस गुलाबी पडलेलं असेल किंवा अमोनियासारखा उग्र दर्प येत असेल तर घेऊ नये.

साफ करताना एका हातात धड, दुसऱ्या हातात डोकं धरून हळूच ओढलं की आतली आतडी आणि शाईची पिशवी डोक्याबरोबर बाहेर येते. डोळ्यांच्या खाली कापून पाय वेगळे करायचे आणि मधली टणक चोच दाबून काढायची. धडात बोट घातलं की प्लॅस्टिकच्या पट्टीसारखा पारदर्शक कणा लागतो, तो ओढून काढायचा. जांभळट साल सोलायची आणि नळी आतून-बाहेरून धुवायची.

सारणात मी तीन कांदे, माकुलाचे बारीक चिरलेले पाय, आलं-लसूण, कोथिंबीर, मालवणी मसाला आणि एका नारळाऐवजी फक्त दोन चमचे खोबरं घेतलं. हे सगळं दोन चमचे तेलात परतून शिजवलं. मीठ हात राखून घातलं, आंबटपणाला कोकम होतंच. नळी दोन तृतीयांशच भरली, कारण शिजताना ती आक्रसते आणि ठासून भरलेलं सारण बाहेर येतं. तोंडं टूथपिकने बंद केली.

कांद्या-टोमॅटोच्या रश्श्यात माकुलं ठेवली आणि १२ मिनिटांनी काटा टोचून बघितला. रबर! आई मागून म्हणाली, "घाई करू नको, अजून अर्धो तास झाकून ठेव." तिचं बरोबर होतं. माकुल एक-दोन मिनिटांत झटपट शिजवलं तर मऊ राहतं. त्यानंतर त्याचे तंतू आवळतात, पाणी सुटतं आणि ते चिवट होतं. मंद आचेवर पाऊणएक तास ठेवलं, की त्यातलं कोलॅजेन विरघळून ते पुन्हा मऊ पडतं. आतलं सारण नीट गरम व्हायला हवं म्हणून भरलेल्या माकुलाला हा दुसरा रस्ताच योग्य. वयस्कर माणसांसाठी तर तो आवश्यकच. कवळी लावणाऱ्याला चिवट घास चावता येत नाही, मग तो तसाच गिळला जातो आणि घशात अडकू शकतो.

सहावी टूथपिक

बाबांसाठी दीड माकुल, अर्ध्या इंचाच्या चकत्या करून वाढलं. सोबत भाकरी. बरेच दिवसांनी ते जेवताना बोलत होते. आईला त्यांच्या आत्याच्या हातच्या माकुलाची गोष्ट सांगत होते, ती तिने शंभर वेळा ऐकली असेल.

जेवणं झाल्यावर मी ताटं उचलली. टूथपिक मोजल्या तर पाच. माकुलं सहा.

माझ्या पोटात खड्डा पडला. बाबांना वरची पूर्ण कवळी आहे. कवळीने टाळू झाकलेला असतो, त्यामुळे तोंडात आलेली बारीक, टोकदार वस्तू अनेकदा कळतच नाही. गिळलेली टूथपिक आतड्याला भोक पाडू शकते आणि लाकडाची असल्यामुळे साध्या एक्स-रेत दिसत नाही. त्यातून स्टेंटमुळे बाबा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर. हे सगळं मला पाठ होतं. तरी मीच ती टोचली होती आणि वाढण्याआधी मोजली नव्हती.

दहा मिनिटं आम्ही ताटं, ओटा, कचऱ्याचा डबा धुंडाळत होतो. बाबांना विचारलं तर म्हणाले, "माका काय लागला नाय." शेवटी आईने कढईतला उरलेला रस्सा गाळणीत ओतला. टूथपिक तिथे होती, कांद्यात लपलेली. मी खाली बसले.

कोलेस्टेरॉलच्या भीतीने मी बाबांचे तीन महिने फिके केले होते, आणि खरा धोका एका लाकडी काडीत निघाला. आता आमच्या घरी माकुल जाड पांढऱ्या दोऱ्याने शिवतात, आणि दोरा काढल्याशिवाय ते ताटात जात नाही. टूथपिक वापरायचीच असेल तर शिजवण्याआधी आणि वाढण्याआधी मोजा.

कोणी जपून राहावं?

कोळंबी, खेकडा किंवा शिंपल्यांची ॲलर्जी असेल तर माकुल आपल्या मनाने खाऊन बघू नका. या सगळ्यांत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं, आणि ते शिजवूनही नष्ट होत नाही. खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या, श्वास लागला तर वेळ न घालवता रुग्णालय गाठा.

युरिक ॲसिड वाढून सांधा सुजला असेल तर तो झटका ओसरेपर्यंत माकुल नको. एरवीही बेतानेच. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनांचं प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

आणि एक महत्त्वाचं. पथ्य पाळतोय म्हणून कोलेस्टेरॉलची किंवा रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. बाबांची गोळी रोज असते, बांगडा आठवड्यातून दोनदा, भरलेलं माकुल महिन्यातून एकदा. त्यांचं एलडीएल ७०च्या खाली आहे आणि जिन्यात ते कठडा धरत नाहीत.

दाराशी वळून कोणी "माकुल चालेल का?" विचारलं, तर मी आता त्यांना परत खुर्चीत बसवते आणि चार प्रश्न विचारते. नारळ किती घालता? तळता की शिजवता? दात कसे आहेत? आणि तोंड कशाने बंद करता? शेवटच्या प्रश्नावर सगळे हसतात. मग मी सहाव्या टूथपिकची गोष्ट सांगते.