अडलेला शोक

मुंबई-अहमदाबाद महामार्गाने मनोरला व्यापार दिला, तरुणांना रोजगार दिला. तशीच काही घरांतील माणसे कायमची हिरावूनही नेली. ४ सप्टेंबर २०२२ रोजी येथून उत्तरेस चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष या रस्त्याकडे वेधले गेले. ज्यांची नावे वर्तमानपत्रांत छापून येत नाहीत, त्यांच्या घरीही शोक असतो आणि कधीकधी तो वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून बसतो.

शोक हा आजार नव्हे. लाझरसच्या कबरीपाशी प्रभू येशूनेही अश्रू ढाळले. महिन्याचा मिस्सा, वर्षाचा मिस्सा, २ नोव्हेंबरला कबरींवर लावलेल्या मेणबत्त्या या परंपरांनी आपल्या दुःखाला पायऱ्या बांधून दिल्या आहेत. बहुतेक माणसे त्या पायऱ्यांनी पुन्हा संसारात येतात. अभ्यासकांच्या मते दहांपैकी सुमारे एकाचा शोक मात्र वाटेत अडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या, जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. सहा महिन्यांहून अधिक काळ, समाजाच्या रूढीलाही ओलांडून, मृताची तीव्र ओढ टिकून राहिली आणि रोजचे जगणे ठप्प झाले, तर तो प्रदीर्घ शोकविकार होय. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी प्रौढांसाठी ही मुदत एक वर्ष धरली आहे.

आमच्या परिचयाच्या एका मातेचा तरुण मुलगा मोटारसायकलवरून जाताना गेला. त्याला तीन वर्षे झाली. मुलाची खोली कुलूपबंद आहे. ती रविवारी मिस्साला येते, पण दफनभूमीच्या फाटकाशी तिचे पाय थबकतात. "बाय, देवाची इच्छा होती, आता विसर," असे येणारेजाणारे सांगतात. विसरणे म्हणजे लेकराशी द्रोह, असे तिला वाटते.

अशांसाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डॉ. कॅथरिन शिअर यांनी एक उपचारपद्धती सिद्ध केली. तिची पहिली मोठी चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली. सुमारे १६ भेटींत हा उपचार चालतो. मृत्यूची बातमी कशी कळली, हे शोकग्रस्ताने डोळे मिटून पुन्हापुन्हा सांगायचे. टाळलेल्या जागी हळूहळू जायचे. गेलेल्या माणसाशी मनात संवाद साधायचा. आणि स्वतःसाठी एखादे लहानसे उद्दिष्ट ठरवायचे. विसरायला येथे कोणी सांगत नाही. नाते जपून पुढे कसे जावे, एवढेच शिकवले जाते. २०१६ साली याच संशोधकांना आढळले, की औदासीन्यावरील गोळीने या अडलेल्या शोकाला विशेष उतार पडत नाही. उतार पडला तो संवादोपचाराने.

'आमची श्रद्धा पुरेशी नाही काय?' असा प्रश्न काही भाविक विचारतात. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणारा माणूस मोडलेल्या हाडासाठी डॉक्टरांकडे जातोच. मार्थेचा ख्रिस्तावर विश्वास होता, तरी भावाच्या मृत्यूची खंत तिने त्याच्यापुढे बोलून दाखवली आणि ख्रिस्ताने तिला गप्प केले नाही.

मनोरसारख्या गावी असा प्रशिक्षित उपचारक मिळणे सोपे नाही. तथापि १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो आणि पुढील वाट कळते. त्या मातेने हा क्रमांक प्रार्थनेच्या पुस्तकात लिहून ठेवला आहे. अजून तिने तो फिरवलेला नाही.

धर्मग्रामातील आपणा सर्वांना तोवर करण्यासारखे पुष्कळ आहे. महिन्याच्या मिस्सानंतर भेटीगाठी थांबवू नयेत. मृताचे नाव टाळू नये. उलट त्याची एखादी आठवण आपणहून काढावी. आणि वर्ष उलटूनही घरातले कोणी त्याच दिवशी थांबलेले दिसले, तर उपदेश न करता त्याच्याशेजारी बसावे, आणि तो तयार झाला की उपचारकाच्या दारापर्यंत सोबत करावी.