मिठू आणि मोत्या

सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी हे गाव रेल्वेने नावारूपास आणले. मुंबईहून सोलापूरकडे जाणाऱ्या मोठ्या लोहमार्गाला बार्शीकडचा अडीच फूट रुंदीचा चिमुकला लोहमार्ग १८९७ साली येथे येऊन मिळाला. तेव्हापासून या गावाचा दिवस गाड्यांच्या शिट्ट्यांवर उजाडतो नि मावळतो. रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून उभी हयात घालवलेले एक गृहस्थ येथेच एका बैठ्या घरात राहतात. गल्लीतील सारी मुले त्यांना आजोबा म्हणतात. त्यांच्या ओसरीवर वीस वर्षे एक पिंजरा टांगलेला होता, आणि त्यांतील बारा वर्षे त्या पिंजऱ्याखाली एक कुत्रा पहुडलेला असे.

पोपट घरी आला तो वळवाच्या पावसात. वादळाने एक जुना कडुलिंब उन्मळून पडला. त्याच्या ढोलीत तीन पिल्ले होती. दोन गेलेली, एक धुगधुगी धरून राहिलेले. अंगावर पीस नाही, डोके शरीराहून जड, आणि चोच साऱ्या देहाहून मोठी! आजोबांनी ते रुमालात गुंडाळून आणले. आजींनी हरभऱ्याची डाळ भिजवून, वाटून, बोटाच्या टोकाने त्याला भरवली. दिवसातून दहादहा वेळा भरवावी लागे. घरातले लेकरू आजारी पडावे तशी ती माउली रात्री उठून त्याच्यावर हात ठेवून पाही. पिल्लू जगले. तिसऱ्या वर्षी त्याच्या मानेभोवती काळी-गुलाबी कंठी उमटली, तेव्हा कुठे तो नर असल्याचे कळले. हिरवी मिरची तो मिटक्या मारीत खाई. मुलांना त्याचे मोठे नवल वाटे. पण मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही, हे त्यांना कोण सांगणार?

त्या काळी बार्शीची छोटी गाडी अजून धावत होती. सायंकाळी ती सुटताना गार्ड शिट्टी फुंकी. मिठूने ती शिट्टी हुबेहूब उचलली. पुढे २००८ सालापर्यंत तो मार्गही रुंद झाला आणि छोटी गाडी इतिहासजमा झाली. परंतु आजोबांच्या ओसरीवरून ती रोज सायंकाळी वेळेवर सुटतच राहिली.

मोत्या आला तो स्वतःच्या पायांनी. रात्रपाळी संपवून आजोबा यार्डातून परतत असता एक पांढरे पिल्लू त्यांच्या मागे मागे घरापर्यंत आले. "अहो, एक जीव सांभाळता सांभाळता पुरेवाट होते, त्यात हा दुसरा कशाला?" असे आजी म्हणाल्या खऱ्या, पण म्हणता म्हणता त्यांनी दुधाची वाटी पुढे सरकवलीही. मोत्याने पहिल्या वर्षी तीन वहाणा फस्त केल्या, तुळशीची माती उकरली आणि टपालवाल्याशी कायमचे वैर धरले. पिसाळण्याच्या रोगावर पाश्चरने १८८५ साली लस शोधून काढली, म्हणून माणसाला आज कुत्र्याशेजारी निर्धास्त बसता येते. ती लस टोचून घ्यायला मोत्याला दरवर्षी पशुवैद्यकीय दवाखान्यात ओढून न्यावे लागे. त्या दिवशी सायंकाळपर्यंत तो आजोबांकडे पाठ करून बसे.

दोघांचे सख्य मात्र पाहण्यासारखे होते. मिठू भाकरीचा तुकडा अर्धा खाई, अर्धा खाली टाकी. खाली मोत्या तोंड वर करून तयारच! कधी दुपारी आजोबा झोपले असता मिठू त्यांच्याच आवाजात हाक मारी, "मोत्या, ये!" मोत्या धावत येई, इकडे तिकडे पाही, आणि वर बसलेला तो लबाड मान हलवून नाचे. अशी फसगत त्याने शेकडो वेळा सोसली, तरी प्रत्येक हाकेला तो आलाच.

या सुखाचे मोलही द्यावे लागे. पंढरपूर एवढे जवळ, पण बारा वर्षांत आजोबा आणि आजी आषाढीला मिळून कधी गेले नाहीत. एकाने जावे, दुसऱ्याने घरी थांबावे.

कुत्र्याची बारा वर्षे म्हणजे म्हातारपण. मोत्याच्या डोळ्यांवर सारा आला, मागचे पाय लुळे पडले. आजोबा त्याला उचलून अंगणात नेत. एका थंडीच्या पहाटे त्याने आजोबांच्या पायांवर डोके ठेवले, ते पुन्हा उचलले नाही. परसातल्या शेवग्याखाली त्याला पुरले.

दुपारी ओसरीवरून हाक आली, "मोत्या, ये!"

हाक आजोबांच्या आवाजातली होती, आणि ती ऐकायला आजोबाच उरले होते. महिने लोटले, तरी हाक थांबेना. एके दिवशी शाळेतून आलेला नातू म्हणाला, "आजोबा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्या देशातले पोपट पाळायला बंदी आहे. मग मिठू आपल्याकडे कसा?" आजोबांपाशी उत्तर नव्हते. मरत्या पिल्लाला वाचवले एवढेच त्यांना ठाऊक. त्याच वेळी वनखात्याला कळवायला हवे होते, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. पोपट हा थव्याने राहणारा पक्षी. आपल्या सोबत्यांचे आवाज तो उचलतो. ज्याला आपण त्याचे बोलणे म्हणून कौतुकाने ऐकतो, ती बहुधा सोबत्यांना घातलेली साद असते. त्याला सोबती म्हणून माणसे मिळाली, आणि एक कुत्रा.

दुसऱ्या सकाळी आजोबांनी पिंजऱ्याचे दार उघडले. ज्वारीच्या शेतांकडे निघालेला पोपटांचा थवा किलबिलत वरून गेला. मिठूने साद दिली, पंख पसरले, कुंपणाच्या भिंतीपर्यंत कसाबसा पोहोचला आणि धापा टाकीत अंगणात उतरला. मग चालत चालत पिंजऱ्यात परतला. ज्ञानेश्वरीत नळीला घट्ट धरून बसलेल्या पोपटाचा दृष्टान्त आहे. त्याला बांधते ती केवळ त्याची समजूत. मिठूचे तसे नव्हते. त्याच्या पंखांतले बळच गेले होते, आणि ते ज्यांच्यापायी गेले त्यांनी त्याच्यावर जीव लावला होता.

आजोबा पिंजरा घेऊन वनखात्याच्या कचेरीत गेले. पोपटांच्या सोबतीत राहून तो उडायला शिकेल, असे तेथे सांगण्यात आले. आपल्या माणसांना सोडून त्याला सुख लाभले की दुःख, हे कोण सांगणार? परतताना आजोबांनी रिकामा हात कितीदा तरी खिशात घातला नि काढला.

पिंजऱ्याच्या आकड्याला आता पाण्याचे मातीचे परळ टांगले आहे. चिमण्या येतात, साळुंक्या येतात, पाणी पितात आणि निघून जातात. सायंकाळी आजी भाकरी मोडताना दोन तुकडे अजून बाजूला काढतात. एक परळाजवळ ठेवतात, आणि दुसरा पायरीखाली. तेथे गल्लीतली कुत्री परवाच व्याली आहे.