आठ बाइटांची अडचण

उन्हाळ्यात पुसदला डोकं चालतं ते रात्रीच. घरच्या छोट्या लिनक्स सर्व्हरवर कुटुंबाचे जुने फोटो ठेवलेत. पुण्याहून ताईला ते उघडेनात. पिंग जात होता, लॉगिनही होत होतं, पण फोटो मागितला की सगळं ठप्प. अशी अर्धवट चालणारी गोष्ट पूर्ण बंद पडलेल्या गोष्टीपेक्षा जास्त छळते.

येणारी-जाणारी पॅकेटं बघायला टीसीपीडम्प लावून बसलो. लहान पॅकेटं पोचत होती. मोठी तीच तीच पुन्हा निघत होती. मग उलगडलं. इथरनेटवर एका पॅकेटला १५०० बाइटांची मुभा, पण घरची जोडणी पीपीपीओईची. तिचे ८ बाइट गेले की उरतात १४९२. मोठं पॅकेट अडलं तर राउटरने आयसीएमपीमार्फत तसा निरोप धाडावा, ही सोय १९९० सालच्या आरएफसी ११९१ मध्ये लिहिलेली आहे. किती शहाणी रचना! पण तो निरोप सर्व्हरपर्यंत येतच नव्हता; वाटेतली फायरवॉल तो अडवत होती.

आयपी आणि टीसीपीची शीर्षकं वजा करून एमएसएस, म्हणजे एका पॅकेटातल्या मजकुराची कमाल मर्यादा, १४५२ वर बांधला आणि ताईला आजीचा फोटो दिसला.

फायरवॉल सांभाळणाऱ्यांना कळकळीची विनंती: सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट अडवू नका.