ईशाने बॅले सोडलेलं नाही

प्रिय ताई,



"एवढी वर्षं बॅलेची फी भरली आणि कार्टीने शेवटी चाकाची फळी धरली," हे तुझं म्हणणं रविवारी ऐकून घेतलं. फोनवर तुझ्यापुढे माझं काही चालत नाही, म्हणून लिहितोय.

तू पाठवलेला व्हिडिओ मी हळू गतीने पाहिला. ईशा स्केटबोर्डवर वाकते, मागच्या पायाने बोर्डच्या शेपटीवर फटका मारते, बोर्ड तिरका उठतो, पुढचा पाय त्यावरून घासत वर सरकतो आणि बोर्ड हवेत आडवा होतो. हात कुठेही न लावता! हीच ती ऑली. फ्लोरिडाच्या ॲलन गेल्फँडने सत्तरच्या दशकाच्या शेवटी ती उतरत्या भिंतींवर काढली, पुढे रॉडनी मलनने सपाट जमिनीवर आणली. पण तू तिचे गुडघे बघ. उडीआधी वाकले, उतरताना पुन्हा वाकले, पाठ मात्र ताठ. पावलं बाहेर वळलेली नाहीत एवढं सोडलं, तर हा बॅलेतला प्लिएच आहे, ताई. बाकीची पोरं उतरताना धप्पकन आदळतात. ही आदळत नाही. फी कुठे गेली म्हणतेस ना, तिथे गेली.

आणि ते तरंगणं. ग्राँ जेते या बॅलेतल्या लांब झेपेत नर्तकी हवेत थबकल्यासारखी वाटते, पण कुणी थबकत नसतं. जमीन सोडतानाच शरीराच्या गुरुत्वमध्याची वाट ठरून जाते. नेमकं माथ्यावर असताना पाय फाकवून वर घेतले की तो मध्य शरीरातल्या शरीरात वर सरकतो, डोकं मात्र क्षणभर एकाच उंचीवर राहतं, आणि आपण फसतो. स्केटर गुडघे छातीशी घेतो तेव्हा फसवणूक वेगळी: बोर्डला वर यायला जागा मिळते आणि उडी आहे त्याहून उंच दिसते. दोघांचाही धंदा कष्ट लपवण्याचा.

फरक आहेच. नव्या पॉइंट शूजची टोकं नर्तकी आपटून, ठोकून मऊ करतात, रंगमंचावर टकटक ऐकू येऊ नये म्हणून. स्केटरला शेपटीचा तो खणखणीत आवाज हवाच असतो. फटका नीट बसला की नाही ते त्याला कानानेच कळतं. बॅलेत पडणं म्हणजे नामुष्की, इथे पडतानाचेही व्हिडिओ काढून मित्रांना दाखवतात. बारा-तेराच्या वयात मला हे दुसरं जास्त बरं वाटतं. तुला पटणार नाही, माहीत आहे.

घराण्याचं म्हणशील तर बॅलेसाठी चौदाव्या लुईने 1661 मध्ये अकादमी काढली, आणि स्केटबोर्डिंगचं लोण कॅलिफोर्नियात दुष्काळाने कोरड्या पडलेल्या पोहण्याच्या तलावांतून वाढलं. मान्य. पण टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांच्या स्केटबोर्डिंगच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्ण जिंकणारी मोमिजी निशिया 13 वर्षांची होती, हे भाओजींना सांग.

हेल्मेट हवंच, हे मात्र तुझंच खरं. मनगटाचे गार्डही घे. तोल गेला की आधी हातच टेकतात. आणि शनिवारचा बॅलेचा वर्ग तिने स्वतः मागितला तरच लाव.

तुझा,
नंदू