थोरल्याची ईदी

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या थोरल्याने वहीचा एक कागद आमच्या पुढ्यात ठेवला. त्यावर रिमोटवर पळणाऱ्या दोन मोटारींची वर्णनं, किमती आणि तळाला एक ओळ होती: 'माझी जमा ईदी 11,400.' मोटार बॅटरीवरची नव्हे, नायट्रोची. म्हणजे आत खरंखुरं टू-स्ट्रोक इंजिन, धूर, आवाज, सगळं.

ही ईदी पाचवीपासून आमच्याकडे ठेवायला होती. नव्हती, असं म्हणायला हवं. मागच्या वर्षी अम्मींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पैसे कमी पडले तेव्हा आम्ही ती काढली. पुढच्या पगाराला परत ठेवू म्हणालो. त्यानंतर पगार बारा वेळा झाला.

हे सांगायचं सोडून आम्ही नायट्रोचे दोष काढायला बसलो. दोघंही शिक्षक, दोष काढणं आम्हाला शिकवावं लागत नाही. तसे ते दोष खोटेही नव्हते. या इंजिनाला पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं तयार मिश्रण लागतं. मिथेनॉल पोटात गेलं तर माणूस आंधळा होतो, मरतोही. ते पेटलं तर दिवसाउजेडी ज्वाळ धड दिसत नाही. घरात सहा वर्षांची धाकटी. शिवाय मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, कुठे वाजवणार हे इंजिन? पहिली मोटार बॅटरीचीच घ्यावी, चार्ज केली की पळाली, असं आम्ही बजावलं. नवख्याला आजही आम्ही हेच सांगू.

त्याने सगळं ऐकून घेतलं. "अब्बू, मला नुसती पळवायची नाही. उघडून बघायचीय." डबा गच्चीवरच्या खोलीत कुलपात राहील, किल्ली अम्मीकडे, मोटार कृष्णाघाटाकडच्या पडीक रानात असर ते मगरिबच्या मध्ये चालेल, हेही त्याने कागदाच्या मागे लिहून ठेवलं होतं. आमच्याकडे आता एकच खरं कारण उरलं होतं, आणि ते आम्ही सांगितलं नाही.

त्याऐवजी जुनी मोटार स्वस्तात मिळते का बघू, असा वेळकाढूपणा केला. कोल्हापुरात एकजण विकणार होता. गल्लीतल्या चाचांना सोबत घेतलं. त्यांची हयात टू-स्ट्रोक स्कूटरी दुरुस्त करण्यात गेली. मोटार दिसायला चकाचक, एक-अष्टमांश मापाची, साडेतीन सीसीची. चाचांनी ती उलटी केली आणि थंड इंजिनाचं फ्लायव्हील बोटाने फिरवलं. या इंजिनात पिस्टनला रिंग नसते. वरच्या टोकाला स्लीव्ह किंचित निमुळती असते, म्हणून धडधाकट इंजिन तिथे बोटाला अडतं. हे लोण्यासारखं फिरलं. "दम नहीं इसमें," चाचा म्हणाले. त्यांचं आणखी एक म्हणणं आम्हाला पटलं: पहिली मोटार जुनी घेऊ नये. ती बंद पडली की खोट इंजिनात आहे की आपल्या हातात, हेच नवख्याला कळत नाही.

परतीच्या गाडीत थोरला खिडकीशी गप्प बसला होता. हातकणंगले गेल्यावर आम्ही सांगून टाकलं. वर्गात 'अमानत' शब्दाचा अर्थ आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. त्या दिवशी तो शब्द तोंडातून निघेना. तो बराच वेळ बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "विचारलं असतं तर मी दिलीच असती." आम्हाला उत्तर सुचलं नाही. चाचांनी डोळे मिटून घेतले होते, झोप लागली नव्हती हे नक्की. जयसिंगपूर आल्यावर त्यानेच विचारलं, "दादींना आता कुराण वाचताना नीट दिसतं ना?"

घरी येऊन आम्ही हिशोब लिहिला. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत कर्ज लिहून ठेवायला सांगितलंय. पोराचं कर्ज ते कर्जच. दरमहा 2,000 परत करायचे ठरले, शेवटच्या महिन्यात 1,400.

मोटार त्यानेच लहान केली. एक-दशांश मापाचा ट्रक, अडीच सीसीच्या आसपासचं इंजिन, दोरी ओढून सुरू होणारं, कारखान्यातूनच जोडून येणारा. रस्त्यावरच्या मोटारीचं पोट जमिनीला टेकतं, तिला गुळगुळीत डांबर लागतं. आमच्या रानात मुरूम आणि गवत. मॉडेल निवडताना वेग शेवटी पाहिला. आधी त्याचे सुटे भाग मिळतात का ते विचारलं, आणि रिमोटचा संपर्क तुटला तर आपोआप ब्रेक लावणारी फेल-सेफ सोय आहे का ते. वेगळ्या खर्चाचे आकडेही मांडले: इंधन, ग्लो प्लग तापवायचं बॅटरीचं इग्नायटर, दोन जादा प्लग, हवेच्या फिल्टरचं तेल, आणि खेळून झाल्यावर इंजिनात सोडायचं तेल. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, हे तेल चुकवलं तर बेअरिंग गंजतात. ही यादी पाहिल्याशिवाय कुणी नायट्रोच्या वाटेला जाऊ नये.

पहिल्या काही टाक्या इंधन जास्त सोडून, धूर काढत, सावकाश जाळायच्या. तेव्हा कुठे नवं इंजिन रुळतं. चाचांनी त्याच्याकडून तसं वचन घेतलंय. त्यांना या मोटारीची थोरल्याइतकीच घाई झालेली दिसते. रोज विचारतात.

मोटार सहा महिन्यांनी येईल, इन्शाअल्लाह. पहिला हप्ता दिला तेव्हा त्याने उर्दूत पावती लिहून दिली. 'वसूल' त्याने स्वादऐवजी सीनने लिहिलंय. आम्ही लाल पेन काढलं नाही.