गादी आणि दरबार

संगणकाचा सारा कारभार पाहणारा ‘कर्नल’ बदलावयाचा म्हणजे यंत्र बंद करून मुळापासून सुरू करणें आलें. लिनक्समध्यें २००५ सालीं आलेली ‘केएक्सेक’ ही युक्ति यांतील कांहीं कष्ट वांचविते. जुना कर्नल नव्यास मेमरींत आणून बसवितो व गादी सोडतो. मोठ्या सर्व्हरांची कित्येक मिनिटांची अंगतपासणी टळते. पण गादीबरोबर दरबारही बरखास्त होतो: चालू असलेलीं सर्व कामें संपतात. आम्हांस ही तडजोड अपुरी वाटते. रुग्णालयाचें यंत्र मध्यरात्रींही थांबविण्यास कोण धजणार? मग ठाऊक असलेलें छिद्रही उघडेंच राहतें! तेथें २०१५ सालचें ‘लाइव्ह पॅचिंग’ बरें. त्यांत राजा तोच राहतो. सदोष फंक्शनकडे जाणारी हांक तेवढी दुरुस्त फंक्शनकडे वळविली जाते. मोठे फेरफार मात्र या ठिगळांत मावत नाहींत.