अजब बंगल्यात न मावणारे वाद्य

१/८
नागपूरचा अजब बंगला, म्हणजेच १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, वस्तू जपतो. शिलालेख शतकांनंतरही वाचता येतो, नाणे तोलता येते. मात्र १९८९ सालचा एखादा डिजिटल सिंथेसायझर काचेआड ठेवला, तर जपले जाते ते केवळ त्याचे कलेवर. मग नादाचा इतिहास जपायचा कसा?

२/८
ध्वनिमुद्रण हा एक मार्ग. चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. विस्मरणात गेलेली ती तबकडी २०१० साली पुन्हा प्रकाशित झाली आणि जगाने कान टवकारले. पण तबकडी झालेले वादन जपते. त्याच यंत्रांवर अकरावा राग वाजवण्याची शक्यता जपत नाही.

३/८
ती शक्यता एम्युलेशनमुळे टिकू शकते. डिजिटल वाद्याचा स्वर म्हणजे अखेर आकडेमोड, आणि तिची आज्ञावली रॉम चिपमध्ये साठवलेली असते. ती वाचून घ्यायची आणि मूळ चिपांचे वर्तन संगणकावर हुबेहूब उभे करायचे. येथे स्वराची नक्कल होत नाही. वाद्याची मूळ आज्ञावलीच पुन्हा चालू लागते.

४/८
हे साधन घडवले ते खेळवेड्यांनी. नाणे टाकून खेळायचे व्हिडिओ गेम नामशेष होऊ नयेत, म्हणून इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ साली ‘मेम’ प्रसिद्ध केला. २०१५ साली जुने संगणक व अन्य यंत्रे जपणारा ‘मेस’ हा प्रकल्प त्यात विलीन झाला.

५/८
खेळाचा आणि वाद्याचा संबंध काय? एन्सोनिक कंपनीच्या ‘व्हीएफएक्स’ या १९८९ सालच्या सिंथेसायझरमधील ईएस५५०५ ही ध्वनिचिप पुढे टायटो कंपनीच्या ‘एफ३’ या खेळयंत्रातही बसवली गेली. खेळांतले आवाज परत मिळवण्यासाठी ज्यांनी ती चिप उलगडली, त्यांच्या हाती वाद्याचे मर्मही आपसूक आले.

६/८
तरीही काही निसटतेच. ‘व्हीएफएक्स’ची प्रत्येक पट्टी बोटाचा दाब स्वतंत्रपणे ओळखत असे, तो स्पर्श फाइलमध्ये उतरत नाही. शिवाय रॉममध्ये असते ते कारखान्याने दिलेले. वादकाने स्वतः घडवलेले स्वर राहतात बॅटरीवर तगणाऱ्या स्मृतीत किंवा फ्लॉपीवर. बॅटरी संपली की ती स्मृती पुसली जाते.

७/८
नागपूरच्या इतिहासाचा प्रश्न नेमका येथे उभा राहतो. गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रात कीबोर्ड कोणत्याही कंपनीचा असो, लोकांच्या तोंडी तो ‘कॅसिओ’च. अशा वादकाने रात्री जागून जुळवलेला ढोलकीचा ठेका जगातल्या कोणत्याही रॉममध्ये सापडणार नाही. उरला असेलच, तर तो महाल-इतवारीतल्या एखाद्या कपाटात, बुरशी धरू लागलेल्या फ्लॉपीवर.

८/८
इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे त्यांनी उघडली, म्हणून कितीतरी कागद वाळवीच्या तोंडून वाचले. एम्युलेटर वाद्य परत आणून देईल. त्यावर या शहराने काय वाजवले, हे सांगणारी दप्तरे मात्र कोणीतरी दारोदार जाऊन, वेळेत उघडावी लागतील.